तीन कॅमेरे आणि एक गृहिणी

बायकोने घरातच राहावे की बाहेर पडून चार पैसे मिळवावेत, हा वाद कोणत्या देशात झाला नाही? अमेरिकेत तो १५ ऑक्टोबर १९५१ पासून दर सोमवारी रात्री दूरचित्रवाणीवर रंगू लागला आणि घरोघरची माणसे पोट धरधरून हसू लागली. मालिकेचे नाव ‘आय लव्ह लूसी’. न्यूयॉर्कमधील एका बिऱ्हाडात रिकी रिकार्डो हा क्यूबाहून आलेला वाद्यवृंदाचा नायक राहतो. त्याच्या बायकोला, लूसीला, काही केल्या रंगमंचावर जायचे असते. आणि नवरा म्हणतो, तू आपले घर सांभाळ. मग लूसी काहीतरी कारस्थान रचते, तिची फजिती होते आणि बहुधा स्वारी पुन्हा स्वयंपाकघरात येते! १९५७ पर्यंत असे १८० भाग झाले.

नुसती कथा पाहिली तर ही मालिका बायकांना उंबऱ्याच्या आत ठेवणारी वाटेल; तसे म्हणणारे अभ्यासकही आहेत. परंतु पडद्यावरचे नाटक केवळ संवादांत नसते. कॅमेरा कोठे उभा आहे आणि तो कोणाकडे कसा पाहतो, हेही विचारावे लागते.

लूसीचे काम करणारी लूसिल बॉल आणि रिकीचे काम करणारा डेझी आर्नाझ हे खरोखरीचे नवराबायको होते. लग्न १९४० चे. पण तो वाद्यवृंद घेऊन सदा गावोगाव फिरतीवर. एकत्र काम केले तर संसार टिकेल, असा बाईंचा हिशेब होता. त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत आणि दूरच्या गावांना पडद्यावरून टिपलेली पुसट फिल्म मिळे. पुरस्कर्त्या सिगारेट कंपनीला न्यूयॉर्क हवे होते, तर या जोडप्याला हॉलिवुडमधले घर सोडायचे नव्हते. तेव्हा मालिका हॉलिवुडमध्येच चांगल्या फिल्मवर घ्यावी असे ठरले. खर्च वाढला, म्हणून दोघांनी मानधन कमी करून घेतले; मात्र बदल्यात फिल्मची मालकी मागून घेतली. एकदा दाखवलेल्या खेळाला पुढे कोण विचारणार, अशा समजुतीने ती देण्यातही आली!

आता प्रश्न छायाचित्रणाचा. तो सोडवायला आला कार्ल फ्रॉइंड. जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’चे छायाचित्रण करणारा आणि पुढे हॉलिवुडमध्ये ऑस्कर मिळवलेला हा जाडजूड गृहस्थ. चित्रपटात नटीसाठी निराळी प्रकाशयोजना करीत, तिचा चेहरा जवळून आणि मऊ उजेडात टिपीत. येथे ते शक्य नव्हते. समोर सुमारे तीनशे प्रेक्षक बसलेले, आणि खेळ नाटकासारखा सलग चाललेला. म्हणून तीन कॅमेरे एकदम फिरवायचे: मधला सगळे दृश्य पाहणारा, बाजूचे दोन जवळून पाहणारे. तिघांनाही चालेल असा सपाट, सारखा उजेड फ्रॉइंडने वरून सोडला आणि भिंतींना करड्या रंगाच्या छटा दिल्या.

अशा उजेडात सौंदर्य खुलवण्याला फारसा वाव राहत नाही. पण नटीला सबंध देह वापरायला मिळतो. पडणे, धडपडणे, तोंड वेडेवाकडे करणे हा विदूषकाचा मान तोवर बहुतेक पुरुषांकडेच असे. लूसिल बॉलने तो बिनदिक्कत उचलला. या खटपटी लिहिणाऱ्यांतही एक बाई होती, मॅडेलिन प्यू. धोक्याच्या करामती ती आधी स्वतः करून पाही.

१९५२ मधला चॉकलेटच्या कारखान्याचा भाग पाहावा. नवरे आणि बायका पैज मारून कामे बदलतात. इकडे नवरे माणशी एक पौंड तांदूळ शिजायला घालतात आणि भात उतू जाऊन खोलीभर होतो. (हे दृश्य पाहून आपल्याकडील कोणती गृहिणी हसणार नाही?) तिकडे सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटे येतात, ती कागदात गुंडाळायची. पट्ट्याचा वेग वाढतो, तशा लूसी आणि एथेल चॉकलेटे तोंडात, टोपीत, पोलक्यात कोंबतात. दोघींचे हात, फुगलेले गाल आणि तो निर्दय पट्टा सारे एकाच चौकटीत दिसते, कॅमेरा स्तब्ध. शेवटी चौघेही हरतात, कोणी कोणाला उणे म्हणू शकत नाही.

त्याच वर्षी बाईंना दिवस गेले. कॅमेऱ्याने ते लपवले नाही, पण ‘गर्भवती’ हा शब्द उच्चारायला मात्र बंदी! संहिता धर्मगुरूंच्या नजरेखालून जात. १९ जानेवारी १९५३ रोजी पडद्यावरचे बाळ जन्मले, आणि त्याच दिवशी खरेही. तो भाग ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या आयसेनहॉवर यांच्या शपथविधीला एवढे प्रेक्षक लाभले नाहीत.

संसार मात्र टिकला नाही. १९६० मध्ये घटस्फोट झाला. त्या जुन्या फिल्म विकून आलेल्या पैशाच्या बळावर दोघांनी एक मोठा स्टुडिओ घेतला होता. १९६२ मध्ये बाईंनी नवऱ्याचा हिस्सा विकत घेतला आणि त्या कंपनीच्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी त्यांची नवी मालिका सुरू झाली. तिच्यात लूसी विधवा आहे, आणि १९६३ पासून मूनी नावाच्या बँकवाल्यापुढे उभी राहून, त्याची बोलणी खात, स्वतःच्याच ठेवीतले थोडे पैसे मागते आहे.