आधारवर्षाचा प्रश्न : उपग्रह प्रतिमा आणि शेवगाव तालुक्यातील भूबदलाचा इतिहास

प्रस्तावना :
मराठ्यांच्या इतिहासात शेवगावचे नाव ६ मार्च १७२८ रोजी झालेल्या मुंगी-शेवगावच्या तहामुळे अजरामर झाले आहे. पालखेडच्या मोहिमेनंतर थोरले बाजीराव व निजाम यांच्यात झालेल्या या तहाचा अभ्यास कागदपत्रांच्या आधारे विपुल झाला. परंतु ज्या गोदाकाठी हा तह झाला, त्या काठाच्या भूमीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडून आलेल्या स्थित्यंतराकडे इतिहास अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. या स्थित्यंतराचे एक महत्त्वाचे साधन म्हणजे उपग्रह प्रतिमा होय. भूगोलाचे अभ्यासक हे साधन दीर्घकाळ वापरीत आले आहेत. तथापि, कोणत्याही ऐतिहासिक साधनाप्रमाणे त्याचीही चिकित्सा होणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे :
१) उपग्रह प्रतिमासंग्रहाच्या विकासाचा थोडक्यात मागोवा घेणे.
२) शेवगाव तालुक्याच्या संदर्भात आधारवर्षाच्या निवडीचा निष्कर्षांवर होणारा परिणाम तपासणे.
३) प्रतिमा व महसुली दप्तर यांच्या एकत्रित वाचनाची गरज स्पष्ट करणे.

प्रतिमासंग्रहाचा विकास :
अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला आणि भूपृष्ठाची नियमित नोंद सुरू झाली. त्याच्या बहुवर्णपटीय संवेदकाची विभेदनक्षमता सुमारे ८० मीटर होती. आपल्याकडील मापात सांगावयाचे तर प्रतिमेतील एक ठिपका सुमारे ६३ गुंठे जमिनीचा होता. १९८२ व १९८४ मध्ये सोडलेल्या चौथ्या व पाचव्या लँडसॅटवरील थिमॅटिक मॅपरने ही मर्यादा ३० मीटरवर, म्हणजे सुमारे ९ गुंठ्यांवर आणली. भारताने १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा उपग्रह सोडला. १९९५ च्या आयआरएस-१सी पासून लिस-३ संवेदकाच्या २३.५ मीटरच्या प्रतिमा मिळू लागल्या. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाने १० मीटरच्या प्रतिमा उपलब्ध केल्या आणि ठिपका जवळजवळ एका गुंठ्याएवढा झाला.

लँडसॅटचा संग्रह २००८ च्या निर्णयाने विनामूल्य खुला झाला. तत्पूर्वी एकेका प्रतिमेसाठी मोठी किंमत मोजावी लागत असे. त्यामुळे ग्रामीण महाविद्यालयातील अभ्यासकाला दोन-तीन प्रतिमांवर संपूर्ण कालखंडाचे अनुमान बांधणे भाग पडे. आज ही अडचण उरलेली नाही. परंतु सुलभतेबरोबर एक नवी अडचण निर्माण झाली आहे, ती म्हणजे तयार उत्पादनांवर विसंबून राहण्याची.

शेवगावचे भूदृश्य :
शेवगाव हा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील गोदावरीच्या दक्षिण तीरावरील तालुका. पर्जन्यछायेचा प्रदेश असल्याने येथील शेती अवर्षणाशी झुंजत आली आहे. या भूमीत दोन मोठे बदल घडले. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी तालुक्याच्या काही भागात पोहोचले व उसाचे क्षेत्र विस्तारले. दुसरा बदल अधिक मूलगामी होता. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. नाथसागराच्या पाण्याखाली पैठण, गंगापूर, नेवासे व शेवगाव या तालुक्यांतील गोदाकाठची जमीन गेली. नदीकाठची काळी, कसदार जमीन आणि पिढ्यान्‌पिढ्यांची गावठाणे जलाशयाच्या उदरात सामावली.

आधारवर्षाची निवड :
भूबदलाच्या अभ्यासात पहिली प्रतिमा कोणत्या वर्षाची घेतली, यावर इतिहासाचा आरंभबिंदू ठरतो. शेवगावच्या बाबतीत हा प्रश्न विशेष नाजूक आहे.

आज सर्वत्र वापरली जाणारी जागतिक भूपृष्ठजलाची नकाशामालिका १९८४ पासून सुरू होते. त्यावेळी नाथसागर आठ वर्षांचा झाला होता. या मालिकेत पाहिले असता जलाशयाचा खोल भाग 'कायम पाणी' या वर्गात पडतो. जणू तेथे कधी शेत नव्हते, घर नव्हते. म्हणजेच तालुक्याच्या गोदाकाठी घडलेला सर्वांत मोठा भूबदल त्या मालिकेत 'बदल नाही' असा नोंदला जातो. यात उत्पादनाचा दोष नाही. त्याच्या आरंभवर्षालाच भूमीचे आदिवर्ष मानणाऱ्या अभ्यासकाचा तो दोष आहे.

याउलट १९७२-७३ च्या पहिल्या प्रतिमा आधार म्हणून घेतल्या तर दुसरा धोका संभवतो. ते महाराष्ट्राच्या भीषण दुष्काळाचे वर्ष होते. करपलेल्या शिवाराशी पुढील कोणत्याही सामान्य वर्षाची तुलना केली तरी हिरवाई वाढलेलीच दिसणार आणि ती सर्व वाढ सिंचनाच्या पदरी टाकण्याचा मोह होणार. म्हणून एकाच वर्षाऐवजी १९७२ ते १९७६ या काळातील उपलब्ध प्रतिमांचा समूह आधार मानणे आणि त्यास धरणपूर्व स्थलदर्शक नकाशांची जोड देणे श्रेयस्कर ठरेल. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या कोरोना टेहळणी उपग्रहांनी टिपलेली व १९९५ मध्ये खुली झालेली छायाचित्रेही या दृष्टीने तपासावयास हवीत.

संवेदकांतील फरकही ध्यानात घ्यावा लागतो. हिजरी, फसली व शक या कालगणनांचा मेळ घातल्याशिवाय आपण दोन पत्रांची तुलना करीत नाही. तद्वत, भिन्न संवेदकांची कच्ची मूल्ये पृष्ठ-परावर्तनात रूपांतरित केल्याविना त्यांची तुलना करणे युक्त नव्हे.

गाळपेरीचे वाचन :
पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत पाणी मागे सरकत जाते. उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर पेरणी होते, तिलाच गाळपेर म्हणतात. त्यामुळे एकच जागा ऑक्टोबरच्या प्रतिमेत पाणी, तर हिवाळा-उन्हाळ्याच्या प्रतिमेत पीक अथवा पड दिसते. महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असल्याने या सर्व अवस्था एकाच वर्षात मोडतात. एका दशकाची ऑक्टोबरची व दुसऱ्या दशकाची मे महिन्याची प्रतिमा शेजारी ठेवल्यास 'जलक्षेत्र घटले, शेती वाढली' असा भ्रामक निष्कर्ष निघेल. शिवाय पाणी जवळ-अवरक्त किरणे शोषून घेत असल्याने गडद दिसते, पण ओली काळी मातीही गडदच दिसते. काठावरचा ठिपका पाण्याचा की नुकत्याच उघड्या पडलेल्या रानाचा, हे तेथे गेल्यावाचून ठरविणे कठीण.

प्रतिमा पीक दाखविते, परंतु ते कोणाचे, हे सांगत नाही. गाळपेरीची जमीन दप्तरी शासनाची असते आणि ती कसणारा अनेकदा त्याच शिवाराचा पूर्वीचा खातेदार असतो. हे नाते केवळ सात-बारा, फेरफार, पीकपाहणी, भूसंपादनाचे निवाडे व जुने गावनकाशे यांतूनच उलगडते. उलटपक्षी, दप्तरातील पीकपाहणी प्रत्यक्ष पेऱ्याशी जुळते किंवा नाही, याची पडताळणी प्रतिमा करू शकते.

निष्कर्ष :
१) शेवगाव तालुक्यातील भूबदलासाठी १९८४ हे आधारवर्ष अपुरे, तर केवळ १९७२ हे दिशाभूल करणारे आहे.
२) तुलनेच्या प्रतिमा एकाच ऋतूतील असाव्यात आणि त्यांच्यासोबत जलाशयाची त्या दिवसाची पातळी नोंदवावी.
३) प्रतिमा हे स्वयंपूर्ण साधन नसून महसुली दप्तर व मौखिक साक्ष यांच्यासह वाचावयाचे साधन आहे.

समारोप :
उपग्रह प्रतिमा संग्रहात सुरक्षित आहेत, त्या उद्याही उपलब्ध होतील. परंतु बुडालेल्या शिवारातील शेतांची, वाटांची व पाणवठ्यांची नावे ज्यांच्या स्मरणात आहेत, ती माणसे आज सत्तरीच्या पलीकडे आहेत. इतिहास व भूगोल विभागांनी एकत्र येऊन १९७० च्या दशकातील प्रतिमा व गावनकाशे घेऊन त्यांच्यापर्यंत जाणे, हे या परिसरातील महाविद्यालयांचे तातडीचे कार्य आहे.