सहकुटुंब : शहरातील एका पाटीचा इतिहास

मुंबई-पुण्याच्या जुन्या उपाहारगृहांतून ‘फॅमिली रूम’ अशी एक पाटी हमखास आढळे. एखाद्या कोपऱ्यात लाकडी आडोसा असे, नाहीतर अरुंद जिन्याने वर गेल्यावर एक लहानसा माळा. पडदा सारून आत बसायचे, खाऊन झाले की तसेच बाहेर पडायचे. या पाटीवर जे लिहिलेले नाही तेच खरे वाचण्यासारखे आहे. एक खोली कुटुंबासाठी राखलेली असेल, तर उरलेली सगळी जागा कोणाची होती? अर्थातच एकट्या पुरुषांची. आज शहरातले जवळजवळ प्रत्येक मोठे उपाहारगृह स्वतःला ‘फॅमिली रेस्टॉरंट’ म्हणवते आणि मुलांसाठी घसरगुंडी मांडून ठेवते. पूर्वी एका खोलीपुरता असलेला शब्द संपूर्ण इमारतीवर पसरला, हा बदल आम्हाला केवळ व्यवसायाचा वाटत नाही. घराबाहेर खाण्याच्या आणि रमण्याच्या जागी शहराने मुलाला केव्हा, कोणाचे बोट धरून आणि कोणत्या अटीवर आत घेतले, असा प्रश्न त्यामागे दडलेला आहे.

बाहेर खाणे हीच मुळात आपल्याकडे एकेकाळी धाडसाची गोष्ट होती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाचे प्रकरण वाचकांना ठाऊक असेलच. मिशनऱ्यांच्या घरी पुढे आलेल्या चहामुळे शहरात ग्रामण्य माजले आणि टिळक व रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. ज्या समाजात चहाचा एक पेला इतका जड होतो, तेथे बायकामुलांना घेऊन उपाहारगृहात जाण्याची कल्पना कोण करणार? बाहेर खात ते नाइलाज असलेले लोक : गावी कुटुंब ठेवून आलेले गिरणी कामगार, बिऱ्हाड न थाटलेले कारकून, शिक्षणासाठी आलेले विद्यार्थी. गिरणगावातील अनेक खानावळी बायकाच चालवत. या श्रमाला संघटित रूप मिळाले ते १९७५ साली, प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे. स्त्री शहराच्या सार्वजनिक जेवणात आधीपासून होती, पण ती चुलीपाशी होती. पानावर बसलेला पुरुष होता आणि त्याचे मूल दूर गावी, मनिऑर्डरची वाट पाहत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे चित्र हळूहळू पालटले. धोबीतलावचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे, पुण्यातले गुडलक १९३५ चे. इराण्यांच्या या हॉटेलांनी जातपात न विचारता संगमरवरी टेबलापाशी कोणालाही बसू दिले. दुसरीकडे दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० साली निघाले. त्याच्या नावात ‘स्वच्छ’ हा शब्द होता. माटुंग्याला १९४२ साली ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू झाले. पहिल्या प्रकारच्या जागेने मोकळीक दिली, दुसऱ्या प्रकारच्या जागेने विश्वास दिला. मध्यमवर्गीय घरातील बाई उपाहारगृहाची पायरी चढली ती या दोन्हींच्या आधाराने, आणि तिच्या पदराला धरून मूलही आले. म्हणजे मुलाला आत येण्याचा परवाना आईमुळे मिळाला आणि आईला तो पडद्याच्या अटीवर मिळाला.

मात्र उपाहारगृहात मूल त्यापूर्वी नव्हतेच, असे म्हणता येणार नाही. ते होते; पण त्याच्या हातात फडके होते. ‘पोऱ्या’ या नावाने त्याला ओळखले जाई. टेबल पुसणे, कपबश्या विसळणे, शेजारच्या कचेरीत चहा पोचवणे ही त्याची कामे. फॅमिली रूमचा पडदा सारून आत पाणी आणून ठेवणारा पोऱ्या आणि आईशेजारी पाय हलवत बसलेला मुलगा कित्येकदा एकाच वयाचे असत. सहकुटुंब उपाहाराचा इतिहास लिहिताना या दोघांपैकी एकाचीच आठवण ठेवणे न्यायाचे होणार नाही.

करमणुकीचा मार्ग थोडा निराळा होता. तिथे पुढाकार बाजाराने घेतला नव्हता. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली खुली झाली आणि तिच्यालगतचे वस्तुसंग्रहालय १८७२ साली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात तर जणू एक लाटच आली. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय, १९५२ साली मलबार हिलवर कमला नेहरू पार्क आणि त्यातला म्हातारीचा बूट, १९५३ साली पुण्यात पेशवे पार्क आणि १९५६ साली तेथे धावू लागलेली फुलराणी. आमच्या वर्धा जिल्ह्यातील मुलांच्या कित्येक पिढ्यांना शहर म्हणजे नागपूर आणि नागपूर म्हणजे महाराजबाग एवढेच ठाऊक होते. याच काळात, १९५९ साली, सुधा करमरकर यांनी रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले आणि मुलांसाठी मोठ्यांनी गंभीरपणे नाटक करावे ही गोष्ट मराठीत रुजली. मूल हा नागरिक आहे, त्याच्या आनंदाची काही जबाबदारी नगरपालिकेवर, सरकारवर आणि कलावंतांवर आहे, अशी एक धारणा या साऱ्यामागे होती.

ती धारणा हवेतून आली नव्हती. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद काढून पाहावा. त्याच्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची स्थाने यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे सांगितले आहे. लगेच पुढचा, तिसरा खंड आहे तो स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याच्या मोकळिकीचा. उपाहारगृह, करमणूक, स्त्री आणि मूल ही चौकडी घटनेच्या एकाच पानावर शेजारी-शेजारी यावी, हा आम्हाला निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्या देशात चहाच्या दुकानाबाहेर काहींसाठी वेगळी कपबशी टांगलेली असे, तेथे टेबलापाशी बसता येणे हाच नागरिकत्वाचा पहिला पुरावा होता. वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी १९२८ साली लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले, तेव्हा जो प्रश्न गाभाऱ्यापाशी उभा होता, तोच घटनेने उपाहारगृहाच्या उंबरठ्यावर आणून सोडवला.

पुढची पायरी बाजाराची. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड उभे राहिले. ऑक्टोबर १९९६ मध्ये मॅकडोनल्ड्स दिल्लीत आणि पाठोपाठ मुंबईत वांद्र्याला आले. मुलांसाठी वेगळे जेवण, सोबत खेळणे आणि वाढदिवस साजरे करण्याची सोय घेऊन आले. या जागांची चेष्टा करणे सोपे आहे, परंतु त्यांचे एक ऋण मान्य केले पाहिजे. मुलांना घेऊन एकटी आलेली बाई तेथे भर दालनात बसू शकली; पडदा लागला नाही, कोणी वळून पाहिले नाही, भाव फळ्यावर लिहिलेले होते आणि स्वच्छतागृह वापरण्याजोगे होते. आडोशाची फॅमिली रूम निरुपयोगी ठरली ती अशा जागांमुळे. परंतु एक आडोसा गेला तसा दुसरा आला. १९९९ साली मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स हा मॉल उघडला, तेव्हा आरंभी मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड बाळगणाऱ्यांनाच विनामूल्य प्रवेश होता, इतरांना पैसे भरावे लागत. टीका झाली आणि अट मागे घेतली गेली. घटनेने जात आणि लिंग विचारण्यास बंदी केली होती. खिसा विचारण्यास नाही.

२०१३ साली घाटकोपरच्या एका मॉलमध्ये किडझानिया सुरू झाले. तेथे मुलांसाठी एक छोटे शहरच वसवले होते. मुले वैमानिक होत, अग्निशामक होत, खाद्यपदार्थ बनवण्याचेही काम करत आणि त्याबद्दल त्या शहराचे खोटे चलन कमावत. आम्हाला या ठिकाणी १९३७ साली वर्ध्यात भरलेली शिक्षण परिषद आणि तिच्यातून निघालेली नई तालीम आठवते. सेवाग्रामच्या शाळेतही मुले स्वयंपाक करत, भांडी घासत, सूत कातत, भाजी पिकवत. पण तेथे शिजलेले अन्न खरोखर सर्वांच्या ताटात पडे. कामातून मूल शिकते आणि कामात त्याला आनंद मिळतो, हे दोन्ही ठिकाणी मान्य आहे. एका ठिकाणी त्या आनंदातून पंगत निर्माण झाली, दुसऱ्या ठिकाणी त्या आनंदाचे तिकीट झाले.

आणि पोऱ्याचे काय झाले? १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला तसेच ढाबे, उपाहारगृहे, हॉटेले, चहाची दुकाने आणि करमणुकीची केंद्रे येथे कामाला ठेवण्यास केंद्र सरकारने बंदी केली. २०१६ च्या दुरुस्तीने, घरचा व्यवसाय आणि कलाक्षेत्र असे अपवाद ठेवून, ती सर्वच व्यवसायांना लागू झाली. पुन्हा तीच जोडी पाहावी, उपाहारगृह आणि करमणूक. १९५० साली मूल या दाराने आत येऊ शकेल असे ठरले आणि ते मजूर म्हणून आत येणार नाही, हे ठरायला आणखी छप्पन्न वर्षे गेली. कायद्याने त्याच्या हातातले फडके काढून घेतले. त्याला टेबलापाशी बसवण्याचे काम मात्र कोणत्याच कायद्याने केले नाही.

राणीच्या बागेचे प्रवेशशुल्क २०१७ साली वाढले, ते पेंग्विन आल्यानंतर. मोठ्यांसाठी पाच रुपयांचे पन्नास झाले, मुलांसाठी दोनाचे पंचवीस. त्याच वेळी कुटुंबासाठी शंभर रुपयांचे एक एकत्रित तिकीट ठरले : आई, वडील आणि दोन मुले. तिसरे मूल, आजी किंवा गावाहून आलेला भाचा या हिशेबात बसत नाही. कुटुंब म्हणजे कोण, हे पूर्वी पडद्याने ठरवले, पुढे खिशाने ठरवले आणि आता ते तिकीट-खिडकीवरच्या फळ्यावर लिहिलेले असते. मुलांच्या सहली काढणाऱ्या शाळांनी आणि त्यांना शहर दाखवायला नेणाऱ्या आपण सर्वांनी, आत शिरण्यापूर्वी, तो फळा एकदा नीट वाचावा.