शुश्रूषागृहातील निवासींची स्वायत्तता

शुश्रूषागृहातील निवासींची स्वायत्तता : दीर्घकालीन शुश्रूषेसाठी संस्थेत राहणाऱ्या व्यक्तीचा स्वतःचा दिनक्रम, उपचार व नातेसंबंध यांविषयी स्वतः निर्णय घेण्याचा हक्क. भारतात ‘नर्सिंग होम’ म्हणजे बहुधा छोटे खासगी रुग्णालय. अमेरिकेत मात्र ते परावलंबी वृद्धांचे राहते घर असते. येथे हा दुसरा अर्थ अभिप्रेत आहे.

केव्हा उठायचे, अंघोळ कधी करायची, कोणाशेजारी जेवायला बसायचे, हे निर्णय किरकोळ वाटतात; पण माणसाचा दिवस त्यांचाच बनलेला असतो. अपुरे मनुष्यबळ, कामाच्या पाळ्या आणि निवासी पडण्याची भीती यांमुळे ते हळूहळू काढून घेतले जातात. थरथरत्या हाताने जेवू देण्यापेक्षा भरवणे लवकर आटोपते. मात्र त्यात हाताची उरलेली सवयही जाते.

मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर व ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात केलेला व 1976 मध्ये प्रकाशित केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका मजल्यावरील निवासींना स्वतः निवड करण्यास सांगून एकेक रोपटे जोपासायला दिले. दुसऱ्या मजल्यावरील रोपट्यांना परिचारिकाच पाणी घालीत. पहिला गट अधिक उत्साही व क्रियाशील आढळला. निवासींची संख्या लहान असल्याने निष्कर्ष जपून घ्यावे लागतात.

अमेरिकेच्या 1987 च्या शुश्रूषागृह सुधारणा कायद्याने शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी निवासींना बांधून ठेवण्यास मनाई केली आणि त्यांना शुश्रूषेच्या नियोजनात सहभागाचा हक्क दिला. इंग्लंड व वेल्समधील 2005 चा मानसिक क्षमता कायदा प्रौढ व्यक्ती निर्णयक्षम आहे असे गृहीत धरतो. निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून तिला अक्षम ठरवता येत नाही. भारतातील 2007 च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे. निवाऱ्याइतकीच निवडीचीही तजवीज असल्याशिवाय वृद्धाश्रम घर होत नाही.

स्मृतिभ्रंशातही निर्णयक्षमता सरसकट नाहीशी होत नाही. ती निर्णयागणिक पाहावी लागते. बँकेचा व्यवहार न उमगणाऱ्या आजींना आज कोणते पातळ नेसायचे हे ठरवता येते. दोन पातळे समोर धरून त्यांच्या उत्तरासाठी थांबणे हाही शुश्रूषेचाच भाग होय.