लॉर्ड मेयो आणि खामगांवचा लोहमार्ग

जलंब स्टेशनापासून खामगांवापर्यंतचा लोहमार्ग अवघा सुमारें आठ मैलांचा. परंतु १८७० च्या मार्च महिन्यांत त्याच्या उद्घाटनास खुद्द हिंदुस्थानचा व्हाइसरॉय आला होता. खामगांव तेव्हां अकोला जिल्ह्यांत मोडत असे. १९०५ सालीं तें बुलढाणा जिल्ह्यास जोडलें गेलें. १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हातीं आला होता. तेथील काळ्या जमिनींतला कापूस खामगांवच्या पेठेंत जमा होई आणि मुंबईच्या बंदरांतून विलायतेस जाई. व्हाइसरॉयास त्या लहानशा गांवीं आणलें तें या कापसानेंच.

रिचर्ड साउथवेल बर्क, मेयोचा सहावा अर्ल, हा जन्मानें आयरिश सरदार. १८२२ सालीं डब्लिन येथें जन्मलेला हा गृहस्थ १८४७ मध्यें पार्लमेंटांत निवडून आला. तो काळ आयर्लंडच्या इतिहासांतला सर्वांत भीषण काळ होता. बटाट्याचें पीक कुजून लोक अन्नान्न करीत मरत होते, आणि तरुण बर्क आपल्या भागांत दुष्काळनिवारणाच्या कामांत गुंतला होता. पुढें तीन वेळां तो आयर्लंडचा मुख्य सचिव झाला. शेती आणि गुरें यांचें त्याचें ज्ञान पुस्तकी नव्हतें. १८६८ मध्यें डिझरायलीनें त्यास व्हाइसरॉय नेमलें. तो कलकत्त्यास पोहोंचण्यापूर्वींच डिझरायलीचें मंत्रिमंडळ गेलें; पण ग्लॅडस्टननें ती नेमणूक रद्द केली नाहीं, आणि जानेवारी १८६९ मध्यें मेयोनें सूत्रें हातीं घेतलीं.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवींत तिकडील कापूस बंद पडला, तेव्हां वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. युद्ध संपलें आणि भाव कोसळला. तरीही हिंदी कापूस अधिक स्वच्छ व अधिक लवकर मिळावा, ही मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची मागणी कायम होती. खासगी कंपन्यांना व्याजाची हमी देऊन रेल्वे बांधण्याची जुनी पद्धत खजिन्यास जड जात होती; म्हणून सरकारनें स्वतःच रूळ टाकावे, हें मेयोचें धोरण. खामगांवचा फांटा हा अशा सरकारी मार्गांपैकीं अगदीं आरंभीचा होय.

गिरणीवाल्यांचें लक्ष कापसावर होतें. मेयोची दृष्टि कापसापाशीं थांबली नाहीं. जो देश शेतीवर जगतो त्याच्या सरकारास शेतीचें स्वतंत्र खातें असलेंच पाहिजे, असें त्याचें मत होतें. त्यांतूनच १८७१ मध्यें महसूल, शेती व व्यापार यांचें खातें निघालें.

या खात्याची वाढ पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. ८ फेब्रुवारी १८७२ रोजीं सायंकाळीं, अंदमानांतील कैद्यांची वसाहत पाहून परततांना, धक्क्यावर शेर अली नांवाच्या पठाण कैद्यानें त्यास सुऱ्यानें भोसकलें. पन्नास वर्षें पुरीं होण्यास तेरा दिवस उणे होते. त्याचा देह आयर्लंडांत नेऊन पुरण्यांत आला.

मागें दोन कामें राहिलीं. लोहमार्ग चालूच राहिला, कारण त्यावर व्यापाऱ्याचा नफा अवलंबून होता. शेतीचें खातें मात्र १८७९ मध्यें बंद करण्यांत आलें. आणि तेंही १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानें दक्षिण हिंदुस्थान होरपळून निघाल्यानंतर लगेच! दुष्काळ कमिशनचा अहवाल आल्यावर १८८१ मध्यें तें पुन्हा उघडावें लागलें. पुढें १८९९-१९०० मध्यें वऱ्हाडवरही दुष्काळाची धाड आली. मेयोच्या दोन कामांपैकीं रुळांचें काम किती निकडीचें मानलें गेलें आणि शेतकऱ्याचें किती, तें या सनांवरूनच दिसतें.