आधी यंत्राचा आदेश

12 नोव्हेंबर 1996ची संध्याकाळ. दिल्लीहून उडालेलं सौदी अरेबियाचं बोइंग 747 वर चढत होतं, तर कझाकस्तानचं इल्युशिन-76 दिल्लीकडे उतरत होतं. एकाला 14,000 फुटांची उंची दिलेली, दुसऱ्याला 15,000ची. कझाक विमान ठरल्या उंचीच्या खाली उतरलं आणि हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. 349 माणसं गेली. दिल्लीला येण्याजाण्याचा हवाई मार्ग तेव्हा एकच होता, आणि नियंत्रकाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. पुढे भारताने विमानांत टक्कर टाळणारं यंत्र, म्हणजे टीकॅस, सक्तीचं केलं.

टीकॅसच्या मुळाशीही अपघातच आहे. 1956 साली अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन विमानं धडकून 128 जण मेले. त्याच सुमारास जॉन मॉरेल या अभियंत्याने मांडलं की, दोन विमानांत अंतर किती यापेक्षा ती एकमेकांजवळ यायला किती सेकंद उरलेत, हे मोजावं. आजचं टीकॅस याच हिशोबावर चालतं. आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा येतो. या टप्प्यावर वैमानिकाने नजर टाकावी, सज्ज व्हावं, पण विमान वळवू नये. धोका वाढला की ‘क्लाइंब’ किंवा ‘डिसेंड’ असा आदेश, म्हणजे आरए, येतो. दोन्ही विमानांची यंत्रं आपसात बोलून एकाला वर, दुसऱ्याला खाली पाठवतात.

पण हा आदेश आणि जमिनीवरच्या नियंत्रकाचा आदेश एकमेकांविरुद्ध गेले तर?

1 जुलै 2002 रोजी जर्मनीतल्या उबरलिंगनवर नेमकं हेच घडलं. रशियन तुपोलेवच्या वैमानिकांना यंत्र ‘वर जा’ म्हणत होतं, झुरिकचा नियंत्रक ‘खाली या’. त्यांनी नियंत्रकाचं ऐकलं. समोरचं मालवाहू बोइंग आपल्या यंत्राचं ऐकून खालीच येत होतं. 71 जण मेले, त्यांत सहलीला निघालेली शाळकरी मुलं बरीच होती.

या बळींनंतर आंतरराष्ट्रीय नियम निःसंदिग्ध झाला: आदेश आला की वैमानिकाने पाच सेकंदांत, विमानाला हिसका न देता, यंत्र सांगेल त्या दिशेला न्यायचं, नियंत्रकाचं म्हणणं वेगळं असलं तरी. मग नियंत्रकाला ‘टीकॅस आरए’ एवढंच कळवायचं. धोका टळल्यावर परत दिलेल्या उंचीवर यायचं. उलट दिशेला जाणं सर्वांत घातक, कारण समोरचं विमान तिकडेच निघालेलं असतं.

7 फेब्रुवारी 2018ला हा नियम महाराष्ट्राच्या आकाशात कसाला लागला. एअर इंडियाचं मुंबई–भोपाळ आणि विस्ताराचं दिल्ली–पुणे विमान मुंबईच्या हवाई हद्दीत धोकादायक जवळ आलं. दोन्ही कॉकपिटमध्ये आदेश वाजले, विमानं दूर झाली आणि प्रवासी सुखरूप उतरले. सिम्युलेटरमध्ये वैमानिकांकडून हा सराव पुन्हापुन्हा करून घेतात, तो अशाच काही सेकंदांसाठी.