गिरणगावातील माता, अर्भके आणि अफू : १९२१ ते १९३१

मुंबई शहरात १९२१ साली दर हजार जन्मांमागे ६६० हून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद झाली. एका खोलीत वा त्याहूनही कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण ८२८ पर्यंत चढले होते, तर चार अथवा अधिक खोल्यांच्या घरांत ते १३३ च्या आसपास होते. मजूरवस्तीच्या दैन्याचा पुरावा म्हणून हे आकडे त्या काळापासून वारंवार उद्धृत होत आले आहेत. परंतु ते शब्दशः घेतले, तर एका खोलीत जन्मलेल्या सहा मुलांपैकी पाच मुले वर्षभरात मेली असे मानावे लागेल, आणि हे स्वीकारण्यापूर्वी नोंदीची पद्धत तपासणे अगत्याचे आहे.

गिरणगावातील पुष्कळशी कुटुंबे रत्नागिरी जिल्ह्यातून वा घाटावरून आलेली होती. बाळंतपणासाठी स्त्रिया गावी, बहुधा माहेरी जात. त्यामुळे मुलाच्या जन्माची नोंद गावी होई, किंवा मुळीच होत नसे. मूल घेऊन आई मुंबईस परतल्यावर ते दगावले, तर मृत्यूची नोंद मात्र शहरात होई. अशा रीतीने भागाकारातील वरचा आकडा फुगे आणि खालचा आक्रसे. ही विकृती एका खोलीच्या बिऱ्हाडांत सर्वांत अधिक असणार, कारण गावाशी सर्वांत घट्ट बांधलेला वर्ग तोच होय. तरीही एवढ्याने प्रश्न मिटत नाही. ८२८ हा आकडा निम्म्यावर आणला, तरी तो ऐसपैस घरांतील प्रमाणाच्या तिपटीहून अधिकच राहतो. शिवाय, गावी नीट वाढणारे मूल मुंबईस आल्यावर का दगावते, हा प्रश्न या दुरुस्तीमुळे उलट अधिकच टोकदार होतो.

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात गिरणीच्या भोंग्यापासून करावी लागते. त्या दशकात मुंबईच्या गिरणीकामगारांत स्त्रियांचा वाटा सुमारे एक पंचमांश होता, आणि त्या मुख्यतः रिळिंग व वाइंडिंग या खात्यांत काम करीत. १९२२ च्या कारखाना कायद्याने कामाचे तास आठवड्यास साठपर्यंत मर्यादित केले होते. म्हणजे दिवसास सुमारे दहा तास, शिवाय जाण्यायेण्याचा वेळ. काम उक्ते असल्यामुळे यंत्रापासून दूर गेलेली प्रत्येक घटका मजुरीतून वजा होई. स्तन्यावर वाढणाऱ्या मुलास दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते. हे दोन काळक्रम एकमेकांत बसणारे नव्हते. मागे राहिलेले मूल चाळीतील एखाद्या म्हातारीच्या, शेजारणीच्या किंवा सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन असे. वरचे दूध घालावे, तर शहरातील तबेल्यांचे दूध महाग आणि त्यात पाण्याची भेसळ. गावी असते, तर मोठ्या मुलाला निदान नाचणीचे सत्त्व मिळाले असते.

ही पोकळी अफूने भरून काढली. अफू घातलेल्या बारीक गोळ्यांना ‘बाळगोळी’ असे सोज्वळ नाव होते. कामकरी स्त्रियांच्या प्रसूतिविषयक परिस्थितीच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची नेमणूक केली होती. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला. औद्योगिक कामकरी स्त्रियांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असा त्यांचा अंदाज होता. तो अंदाजच होता, शिरगणती नव्हे. तथापि ही प्रथा सार्वत्रिक होती, याविषयी समकालीनांत फारसा मतभेद दिसत नाही.

अफूचा परिणाम केवळ गुंगीपुरता नसतो, आणि आहाराच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच आहे. गुंगीतले मूल भुकेने रडत नाही, आणि जागे झाल्यावरही जोराने ओढीत नाही. जे दूध ओढले जात नाही ते आटत जाते. परिणामी संध्याकाळी परतलेल्या आईच्या स्तनांत दूध कमी आणि मुलाच्या अंगी ते घेण्याची शक्ती कमी, असे दुहेरी क्षरण सुरू होई. आवाज न करता होणारी ही उपासमार होती. तिच्या अखेरीस एखादा ज्वर किंवा हगवण येई, आणि मृत्यूच्या नोंदवहीत त्या रोगाचेच नाव पडे.

तत्कालीन सुशिक्षितांनी या प्रथेचा अर्थ प्रायः मातेचे अज्ञान असा लावला. १९२४ पासून लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने देशभर शिशुसप्ताह साजरे होऊ लागले. त्यांतील प्रदर्शने आणि व्याख्याने यांचा रोख मातेला शहाणे करण्यावर होता. अज्ञान मुळीच नव्हते, असे नाही. पण मुलाला घरी ठेवून दहा तास बाहेर राहणाऱ्या स्त्रीला अफूचे दुष्परिणाम समजावून सांगितले, तरी त्या दहा तासांचे काय करावे, याचे उत्तर त्या व्याख्यानात नसे. शिवाय अफूची किरकोळ विक्री सरकारी परवान्याने चालणाऱ्या दुकानांतूनच होत होती. एका खात्याने अहवाल लिहावा आणि दुसऱ्याने महसूल गोळा करावा, हा विरोधाभास नजरेआड करण्याजोगा नाही.

मातेच्या स्वतःच्या आहाराविषयी पुरावा त्रोटक आहे, पण बोलका आहे. फिंडले शिरस यांनी केलेल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या पाहणीचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या कामगाराला मिळणारे धान्य दुष्काळी संहितेतील कमाल प्रमाणाइतके, पण तुरुंगातील कैद्याच्या शिध्यापेक्षा कमी आहे, असा निष्कर्ष त्यात निघाला. ही तुलना गाजली. मात्र अशा पाहण्यांत प्रौढ पुरुष हे एकक धरून स्त्री व मूल त्याच्या अंशांत मोजले जात. गर्भार किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला अधिक लागते, याचा हिशेब त्यात नव्हता. घरातील सर्वांची जेवणे उरकल्यावर तिच्या ताटात काय उरत असे, हेही सरासरीतून कळत नाही.

या बाजूचा वेध प्रथम प्रयोगशाळेतून घेतला गेला. ल्यूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईस आल्या आणि गरोदर स्त्रियांमधील घातक पांडुरोगाचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. गरीब स्त्रियांत, त्यातही मुसलमान स्त्रियांत, हा रोग अधिक आढळत होता. त्यांच्या जेवणात भाजीपाला, फळे आणि प्रथिने यांची मोठी उणीव होती. जंतुदोषाच्या रूढ कल्पनेत न अडकता विल्स यांनी आहाराचा माग काढला. यकृताचा अर्क महाग पडे. म्हणून त्यांनी यीस्टपासून बनणारे स्वस्त ‘मार्माइट’ वापरून पाहिले, आणि रुग्ण स्त्रिया सुधारल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. यीस्टमधील जो अज्ञात घटक त्या शोधीत होत्या, तो पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा करण्यात आला. गरोदर स्त्रियांना आज जगभर दिल्या जाणाऱ्या एका गोळीचा उगम मुंबईच्या दरिद्री बायकांच्या रक्तपरीक्षेत आहे, याची आठवण क्वचितच ठेवली जाते.

कायद्याची वाटचाल मात्र निराळ्या दिशेने झाली. वॉशिंग्टन येथील १९१९ च्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतिसंरक्षणाचा जो करार केला, त्यात रजा व भत्ता यांबरोबरच कामाच्या वेळात मुलाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्ध्या अर्ध्या तासाची सुटी होती. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेले प्रसूतिभत्त्याचे विधेयक फेटाळले गेले. मुंबई कायदेमंडळात आर. एस. आसवले यांच्या विधेयकावर जुलै १९२८ मध्ये चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने तिचा भार बव्हंशी सरकारने उचलावा. परंतु स्त्रियांना कामास लावण्यात मालकालाही अधिक लाभ असल्याने तोही मोकळा सुटत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये कायदा झाला. दिवसाला आठ आणे भत्ता आणि प्रसूतीनंतर चार आठवडे कामास मनाई, हा त्याचा गाभा होता.

या चार आठवड्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु अफूचा प्रश्न सुरू होई तो पाचव्या आठवड्यात, आई खात्यात परतल्यावर. आणि वॉशिंग्टनच्या करारातील पाजण्याच्या सुटीचे कलम तेवढे मुंबईस पोचले नाही. मोठ्या कारखान्यांत पाळणाघरे असावीत, असा नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना १९३४ च्या कारखाना कायद्याने मिळाला. पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, देणारा देशव्यापी प्रसूतिलाभ अधिनियम १९६१ मध्ये आला. तोवर मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांची संख्या बरीच रोडावली होती. तिसऱ्या दशकानंतरच्या कामगारकपातीत स्त्रियांवर आधी कुऱ्हाड पडली, आणि प्रसूतिभत्त्याचा बोजा हे त्याच्या कारणांपैकी एक होते, असे राधा कुमार यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले आहे.