मिशनच्या छापखान्यातील विद्या

ग्रंथकारांची चरित्रे आपण शिकवितो. ज्यांनी त्यांची अक्षरे ओतली त्यांची नावे मात्र क्वचितच घेतो. ही उणीव आम्हांस फार दिवस बोचत आहे.

गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ सालीच आले. तरीही फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रोमी लिपीत छापावे लागले. यंत्र धर्मसंस्थांच्या विद्यालयांतच राहिले. त्याभोवती स्वतंत्र कारागिरांचा वर्ग उभा राहिला नाही.

मुंबईत निराळे घडले. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकन मिशनने तेथे छापखाना घातला, तो बायबलाच्या प्रसारासाठी. परंतु खिळे घासावयास, जुळवावयास, यंत्र ओढावयास माणसे लागतात, आणि हातात मुरलेली विद्या मालकास कुलुपात ठेवता येत नाही. तेथील छपाई पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा शिळाछापखाना काढला व १८३१ साली मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पोथी हाती धरीत ना. तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली! यास केवळ अनुकरण म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. कला परक्याकडून आली होती, पण आपल्या वाचकाची अडचण काय हे मिशनपेक्षा त्यांस अधिक ठाऊक होते.

याच मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम नागरी अक्षरांचे ठसे कोरण्यात निष्णात झाला. त्याच्या हाताखाली जावजी दादाजी हा गरीब मुलगा टाईप घासावयास लागला. वेतन दरमहा दोन रुपये. पुढे अन्य छापखान्यांतून अनुभव घेत जावजींनी १८६४ साली स्वतःचा टाईप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली 'निर्णयसागर' स्थापन केला. एकट्याचे हे काम नव्हे. राणोजी रावजी आरू यांचा कोरणारा हात त्यांस लाभला नसता, तर निर्णयसागरी अक्षरास ते सौष्ठव आले असते काय, याची आम्हांस शंका आहे.

मिशनरी उदार होते म्हणून ही विद्या पसरली, असे काही जण मानतात. आमचे मत तसे नाही. मजूर एका छापखान्यातून दुसऱ्यात जाऊ शकत होता, आणि पंचांगास व पोथीस गिऱ्हाईक होते. या दोन गोष्टींवाचून नुसते औदार्य फारसे कामी आले नसते. ख्रिस्ती धर्मप्रसारार्थ आणलेल्या कलेतून अशा रीतीने संस्कृत काव्यांची 'काव्यमाला' निघाली, तीही १८८६ पासून जावजींच्याच छापखान्यातून.